हस्त नक्षत्र आणि मोकळे हात

भाद्रपदाची अमावास्या उलटली कीं एखाद्या दिवशीं पहांटे उठून खिडकी उघडावी आणि बाहेरचा प्रकाश ओळखूं येऊं नये, असें होतें. रात्रीं पाऊस पडून गेलेला असतो; पागोळ्या अजून गळत असतात; परंतु आकाश धुतलेल्या पाटीसारखें स्वच्छ झालेलें असतें आणि तीन महिने ओलसर, मलूल दिसणाऱ्या भिंतींवर कोंवळें पिवळें ऊन येऊन पडतें. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद्, एवढें शाळेंत मुलांकडून पाठ करून घेतां येतें. पण शरद् आला हें खरें कळतें तें त्या एका सकाळीं. आणि घरांत तें प्रथम कळतें तें तरुण मुली-सुनांना. पुरुषमंडळी वर्तमानपत्र उघडतात. त्या गच्चीचें दार उघडतात.

कालिदासाला ही गोष्ट ठाऊक असावी. ऋतुसंहाराच्या तिसऱ्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकांत त्यानें शरदाला नववधूची उपमा दिली आहे. कासाच्या शुभ्र तुऱ्यांचें तिचें वस्त्र, उमललेल्या कमळाचें मुख, हंसांच्या कूजनाचे नूपुर, आणि पिकत आलेल्या भातासारखी किंचित् लवलेली तिची अंगयष्टि, असें तें चित्र आहे. हा श्लोक मीं अनेक वर्षें विद्यार्थ्यांना समजावून दिला; त्यांतील समास सोडवून घेतले. परंतु त्या वर्णनांत एक गोष्ट राहून गेली आहे हें लक्षांत येण्यास मला साठी ओलांडावी लागली. कवीनें त्या वधूला वस्त्र दिलें, मुख दिलें, नूपुर दिले. त्या श्लोकांत तिला हात मात्र दिलेले नाहींत. आजच्या लेखाचा विषय ते हात आहेत.

प्रथम आनंदांची यादी करतों. ती फार लांबलचक नाहीं आणि तींतील एकाही वस्तूस फारसे पैसे पडत नाहींत. आमची धाकटी सून २०२५ सालच्या वैशाखांत घरांत आली. ती एका बँकेंत नोकरीस आहे. सकाळीं साडेनऊला बाहेर पडते ती सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास परतते. त्या वर्षीं शरदाच्या आरंभीं मी तिला सहज पाहत होतों. पहांटे परसांतल्या प्राजक्ताखालीं सडा पडलेला असे. प्राजक्ताचें फूल तोडावें लागत नाहीं; तें आपणच खालीं येतें, आणि वेंचणाऱ्यानें फक्त वांकायचें असतें. ती परडी भरून फुलें आणी व देवाला वाहून उरलेलीं चार आपल्या मेजावर ठेवण्यास कागदाच्या पुडींत बांधून नेई. दुपारपर्यंत तीं सुकतात हें तिला ठाऊक होतें, तरी नेई.

रविवारीं गच्चीवर गोधड्या वाळत घालावयाच्या असत. पावसाळाभर पेटींत राहून त्यांना एक कुंद वास लागलेला असतो. शरदाच्या उन्हांत दोन प्रहर पडल्या कीं तो जाऊन त्यांना उन्हाचाच वास येतो. तसल्या एका उबदार गोधडीवर पांच मिनिटें आडवें होणें, हा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. बाजारांत ओल्या भुईमुगाच्या शेंगा आलेल्या असतात. त्या मीठ घालून उकडाव्या आणि साऱ्या घरानें भोंवतीं बसून सोलाव्या. एका सुट्टीला ती आपल्या दोन मैत्रिणींबरोबर यवतेश्वराच्या घाटानें वर जाऊन आली. साताऱ्याहून कासचें पठार सुमारें पंचवीस किलोमीटर आहे. पश्चिम घाटांतील ज्या एकोणचाळीस स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत त्याचा समावेश झाला, आणि तेव्हांपासून तेथें दुरून माणसें येतात. परंतु आमच्या सुनेला पठारापर्यंत जावें लागलें नाहीं. घाटांतच दरडींवर तेरडा आणि पिवळी सोनकी इतकी फुललेली होती कीं, तिघी तेथेंच थांबल्या, डब्यांतील पोळीभाजी खाल्ली आणि परत आल्या. आल्यावर तिनें सांगितलें तें एवढेंच, “आई, आम्हीं कांहींच केलें नाहीं. नुसत्या बसलों.” हें सांगतांना तिचा स्वर असा होता कीं जणुं कांहीं मोठा पराक्रम करून आली आहे.

तो पराक्रमच होता, असें आतां मला वाटतें. कारण याच दिवसांची दुसरी बाजू पाहा. भाद्रपदाचा उत्तरार्ध म्हणजे पितृपक्ष. ज्या घरांत श्राद्धपक्ष यथासांग होतो त्या घरच्या बायकांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं. खीर, वडे, कढी, पाटवड्या, गवारीची व भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, आणि हें सर्व सोंवळ्यांत व वेळेवर. पक्ष संपतो न संपतो तोंच घटस्थापनेची तयारी: घर धुणें, अंथरुणें-पांघरुणें धुणें, देवघरांतील भांडीं उजळणें. नंतर नऊ दिवस कोणाचा उपास, कोणाचें सोंवळें, कोणी सवाष्ण जेवावयास. शरदाचें ऊन कितीही कोंवळें असो, तें पडतें तें कामांत बुडालेल्या हातांवर. म्हणूनच ज्या कोणा अज्ञात बायांनीं याच दिवसांत मुलींच्या एका खेळाची योजना केली, त्यांच्या शहाणपणाचें मला फार कौतुक वाटतें.

आमच्या साताऱ्याकडे त्याला हादगा म्हणतात, पुण्याकडे भोंडला. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रांत प्रवेश करतो व तेथें सुमारें साडेतेरा दिवस राहतो. हादग्याची परंपरा मात्र सोळा दिवसांची. पुण्याकडील भोंडला नवरात्राच्या नऊ दिवसांशीं जोडला गेला आहे. विदर्भांत व खानदेशांत याच जातीचा भुलाबाईचा उत्सव भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालतो. तेथें भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. इकडे पाटावर हत्तीचें चित्र काढून तो मधें ठेवतात अथवा समोरासमोर दोन हत्ती असलेलें चित्र भिंतीवर लावून त्याला फुलांच्या व फळांच्या माळा घालतात. मग मुली एकमेकींचे हात धरून फेर धरतात. पहिल्या दिवशीं एक गाणें आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशीं दोन, असें वाढत वाढत सोळाव्या दिवशीं सोळा गाणीं आणि सोळा खिरापती, अशी जुनी रीत.

येथें थोडें व्याकरण सांगण्याचा मोह होतो. वाचकांनीं म्हाताऱ्या मास्तराला तेवढी मुभा द्यावी. हस्त म्हणजे हात. ज्याला हात आहे तो ‘हस्ती’ असें म्हणावें, तर हात कोणाला नाहींत? परंतु पाणिनीनें यासाठीं स्वतंत्र नियम केला आहे: हस्त शब्दापासून हा शब्द होतो तो केवळ जातिवाचक अर्थीं, म्हणजे हत्ती या प्राण्यासाठीं. सोंड हाच त्याचा हात. अशा रीतीनें एका हाताच्या प्राण्याला हाताचें नांव मिळालें, आणि दोन हातांनीं दिवसभर राबणारीला तें मिळालें नाहीं! नक्षत्राच्या नांवांत हात आहे, खेळाच्या पाटावर हत्ती आहे, आणि दोहोंचा सांधा या शब्दांत आहे.

आणखी एक गंमत आहे. आकाशांत हस्ताच्या पांच तारका पसरलेल्या पंजासारख्या दिसतात. चैत्र-वैशाखाच्या रात्रीं त्या स्पष्ट पाहावयास मिळतात. परंतु आश्विनांत, हस्ताचा पाऊस म्हणून ज्याचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, तें नक्षत्र पाहूं गेल्यास दिसत नाहीं. सूर्यच त्यांत असल्यामुळें तें त्याच्या तेजांत लोपून जातें. ज्याचा पाऊस सर्वांना भिजवितो तो हात कोणालाच दिसत नाहीं. घरांतही असेंच असतें, हें वेगळें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां गाण्यांविषयीं. हादग्याचीं गाणीं वरवर पाहतां बालिश, असंबद्ध, कांहीं कांहीं तर हास्यास्पद वाटतात. परंतु त्यांतील बरींच सासरची कैफियत आहेत. त्यांतलें कारल्याच्या वेलाचें गाणें बहुतेक घरीं ठाऊक आहे. सून माहेरीं जाऊं का म्हणून विचारते. सासू म्हणते, आधीं कारल्याचें बीं पेर. बीं पेरलें, तर वेल येऊं दे. वेल आला, तर कारलीं लागूं दे. मग कारल्याची भाजी कर, मग ती खा, मग खरकटें काढ. आणि परवानगी दर वेळीं एका कामाच्या पलीकडेच उभी. या गाण्यांत एकही अपशब्द नाहीं, एकही आरोप नाहीं. परंतु संसारांतील बाईचा मोकळा वेळ कसा पुढें पुढें ढकलला जातो हें सांगण्यास याहून नेमकी भाषा एखाद्या समाजसुधारकालाही सांपडली नसती.

हीं गाणीं ज्या काळांत रुळलीं त्या काळीं आठ-दहा वर्षांच्या मुलीचें लग्न होत असे, हें विसरतां कामा नये. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलींच्या लग्नासाठीं चौदा वर्षांची मर्यादा घातली; १९७८ मध्यें ती अठरा झाली. म्हणजे एके काळीं फेर धरणारी मुलगी आणि गाण्यांतील सासुरवाशीण एकच होती. हातांत बाहुली, गळ्यांत मंगळसूत्र. तिला सासूसमोर तक्रार करण्याची मुभा नव्हती. परंतु गाण्यांतून, दहाजणींच्या आवाजांत आवाज मिसळून, त्याच अंगणांत, त्याच सासूच्या देखत ती सर्व कांहीं म्हणूं शकत होती. आणि सासूही हंसून ऐके; कारण तिनेंही तेंच गाणें कधींकाळीं म्हटलेलें असे. खेळाचा हा आनंद नुसत्या मौजेचा नव्हता. मनांतलें मोठ्यानें म्हणावें आणि त्यासाठीं कोणीं रागावूं नये, हा तो आनंद होता.

इतकें लिहिल्यावर माझ्या स्वतःच्या घरची एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

१९८६ सालचें नवरात्र. माझें लग्न होऊन पांच महिने झाले होते. आम्ही तेव्हां जुन्या वाड्यांत राहत होतों. मधल्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचें अंगण. तेथें त्या दिवशीं हादगा होता आणि शेजारच्या मुली “वहिनी, चला ना!” म्हणून सौभाग्यवतीस बोलावण्यास आल्या होत्या. तिनें साडी बदलून केसांत फूलही घातलें होतें. इतक्यांत कोंकणांतून माझ्या आईचे मावसबंधु सहकुटुंब येणार असल्याचा निरोप आला. आई म्हणाली, “अगं, पाहुणे यायचे आहेत. पोळ्या व्हायच्या आहेत. उद्यां जा.” माझी आई दुष्ट नव्हती, तिनें आवाजही चढविला नाहीं. तिच्या दृष्टीनें पाहुणे, पोळ्या आणि सून या तीन गोष्टी ओळीनें येत होत्या इतकेंच.

मी बाहेरच्या खोलींत सहामाहीचे पेपर तपाशीत बसलों होतों. सर्व ऐकत होतों. भिंतीपलीकडून गाणें सुरू झालें आणि थोड्या वेळानें माझ्या लक्षांत आलें कीं, स्वयंपाकघरांतल्या लाटण्याचा आवाज त्या फेराच्या ठेक्यावर पडत आहे. ती हळू आवाजांत तें गाणें म्हणत होती. गाणें कारल्याचेंच होतें. मी पेपरावर लाल शाईनें बेरीज केली, ती चुकली म्हणून खोडून पुन्हां केली, आणि पुढचा पेपर घेतला. आंत जाऊन “आई, पोळ्या अर्ध्या तासानें झाल्या तर चालेल” असें एक वाक्य बोलणें मला शक्य होतें. त्यासाठीं धैर्य लागलें असतें असेंही नाहीं. आई कदाचित् हो म्हणाली असती. पण तें माझें काम आहे असें मला वाटलेंच नाहीं.

रात्रीं शेजारणीनें वाटींतून खिरापत पाठविली. लोणी-साखर होती. डबा हलविला तरी आवाज येत नाहीं, म्हणून मुलींना ती बराच वेळ ओळखतां आली नाहीं, असें ती माउली कौतुकानें सांगत होती. सौभाग्यवतीनें वाटी घेतली, आणि म्हणाली, “मला आधींच कळलें ना आतां.” त्या वेळीं मला या वाक्याचा अर्थ उमगला नाहीं. खिरापत घरपोंच येते. ती ओळखण्याचा आनंद घरपोंच येत नाहीं. “उद्यां जा” म्हणून आईनें सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं पाहुणे घरांतच होते.

ही गोष्ट आमच्या घरीं पुन्हां कधीं निघाली नाहीं. ती विसरली असेल असें मी समजून चाललों होतों.

आतां २०२५ सालच्या नवरात्रांतील एक सायंकाळ. वाडा जाऊन त्या जागीं आतां इमारत उभी आहे. अंगणाची जागा खालच्या वाहनतळानें घेतली आहे. तेथेंच दुचाक्या बाजूस सारून मुलींनीं पाट मांडला होता व हत्तीभोंवतीं झेंडूचीं फुलें घातलीं होतीं. दुपारीं चार वाजतां माझ्या चुलतबंधूंचा फोन आला कीं, पुण्यास जातांना ते उभयतां रात्रीं आमच्याकडे जेवून जातील. थोरली सून तापानें अंथरुणावर होती. धाकटी साडेसहाला बँकेंतून आली, हातपाय धुतले, आणि कोणीं कांहीं सांगण्यापूर्वींच पोळपाट काढून बसली. एवढ्यांत माझी नऊ वर्षांची नात धांवत वर आली. “काकू, चल ना गं! सगळ्या जमल्या. तूं म्हणाली होतीस ना येतें म्हणून?”

सुनेनें एकदां परातींतल्या कणकेकडे पाहिलें आणि म्हणाली, “तुम्ही व्हा पुढें. एवढ्या पोळ्या झाल्या कीं आलेंच मी.”

वाचकहो, येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या. तिला कोणीं अडविलें नव्हतें. सासूनें नको म्हटलें नव्हतें, सासऱ्यानें कपाळाला आठी घातली नव्हती. नवऱ्याची परवानगी मागण्याचा तर प्रश्नच नव्हता. ती स्वतः मिळवती आहे. आणि तरीही तिनें आपण होऊन आपला आनंद एका कामाच्या पलीकडे ठेवला. गाण्यांतली सासू आतां ओसरीवर बसलेली नाहीं. ती मुलींच्या मनांत राहावयास गेली आहे. कारल्याचें बीं पेरण्यास आतां कोणी सांगत नाहीं. त्या तें आपणच पेरतात. आपण सुधारलों, आतां आमच्याकडे सुनांना कसलीही आडकाठी नाहीं, असें म्हणणाऱ्या माझ्यासारख्या कुटुंबप्रमुखांनीं हें पाहून ठेवावें. आडकाठी काढणें आणि हात मोकळे करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सौभाग्यवती देवापाशीं वात लावीत होती. ती उठली, स्वयंपाकघरांत आली आणि सुनेच्या हातांतलें लाटणें काढून घेतलें.

“हात धू आणि जा.”

“आई, पाहुणे…”

“पाहुण्यांना मी पोळ्या घालीन कीं नाहीं तें मी पाहतें. तूं आधीं जा. खिरापत ओळखायच्या आंत पोंचलीस तर उपयोग.”

सून गेली. सौभाग्यवतीनें पहिली पोळी लाटली आणि माझ्याकडे न पाहतां म्हणाली, “अहो, तुम्ही तेथें उभे कां? तव्यापाशीं या.”

मी आयुष्यांत प्रथमच पोळ्या भाजल्या. पहिल्या दोन करपल्या. तिसरीला पदर सुटला. मुलगा कचेरींतून आला तो हा प्रकार पाहून दारांतच थबकला. त्यालाही त्याच्या आईनें बसविलें आणि तो कोशिंबिरीची काकडी चोंचवूं लागला. खालून गाणें येत होतें. हस्ताची सर आली होती. पत्र्यावर ताशा वाजावा तसा पाऊस वाजत होता, तरी मुलींचा आवाज त्याच्या वर चढत होता. सौभाग्यवती लाटीत होती. आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वींचा तो ठेका मी या खेपेस भिंतीआडून नव्हे, तर हातभर अंतरावरून ऐकला. तिला तें ठाऊक होतें कीं नाहीं, मीं विचारलें नाहीं.

अर्ध्या तासानें सून परत वर आली. कपाळावर केंस चिकटलेले, श्वास लागलेला. “आई, चला. शेवटचीं दोन गाणीं राहिलीं आहेत. कोणाला पुढचें येतच नाहीं. सगळ्याजणी तुम्हांलाच बोलावताहेत.”

“माझें का वय आहे आतां? आणि या पोळ्या?”

“बाबा भाजताहेत ना? लाटतीलही.”

हें ऐकून सौभाग्यवती हंसली. तिनें पदराला हात पुसले आणि गेली. मी लाटलेल्या पोळ्यांविषयीं येथें कांहीं लिहीत नाहीं. भूगोल शिकवितांना फळ्यावर जे नकाशे काढीत असें त्यांची मला वारंवार आठवण झाली. बंधु आणि वहिनी आल्या. “वहिनी कोठें आहेत?” असें त्यांनीं विचारल्यावर मुलगा म्हणाला, “खालीं हादगा खेळताहेत.” त्याबरोबर वहिनींनीं हातांतली पिशवी खुर्चीवर ठेवली आणि त्याही जिना उतरून गेल्या. त्यांचें वय सदुसष्ट, गुडघे दुखरे. आम्ही दोघे बंधु एकमेकांकडे पाहत बसलों. जेवणास पाऊण तास उशीर झाला. त्यामुळें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. वाचकांनीं विचारण्यापूर्वींच सांगून ठेवतों.

जो उपदेश मला या लेखांत करावयाचा होता तो थोडका आहे. आपल्या घरांत नवरात्राच्या दिवसांत, किंबहुना या साऱ्या शरदांत, तरुण मुली-सुनांना सणाची साडी घ्या, फुलें आणा, त्यांचें कौतुक करा, हें सर्व चांगलेंच आहे. परंतु त्याहून आधीं रोजचा एक तास त्यांच्या हातांतलें काम आपल्या हातांत घ्या. “जा” असें नुसतें म्हणून भागत नाहीं. काम जेथल्या तेथें पडून राहिलें तर ती जाऊनही जात नाहीं, तिचें अर्धें मन चुलीपाशींच राहतें. फेर धरावयाचा तर दोन्ही हात रिकामे हवेत. एक या मैत्रिणीला आणि एक त्या मैत्रिणीला देतां यावयास हवा. पुरुषांनीं हें काम शिकण्यास वयाची अडचण नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों.

त्या रात्रीं सर्वजणी वर आल्या तेव्हां सौभाग्यवतीच्या हातांत झांकलेली वाटी होती. ती माझ्यापुढें धरून ती म्हणाली, “ओळखा.”

मी विचारलें, “गोड?” नाहीं. “आंबट?” नाहीं. “तिखट?” थोडेंसें, पण तें खरें नव्हे. “खारट?” तसें म्हणतां येणार नाहीं. नात आनंदानें उड्या मारीत होती. सून तोंडाला पदर लावून हंसत होती. शेवटीं मीं हार मानली. वाटीवरचें झांकण काढलें तेव्हां आंत तळलेले कारल्याचे काप होते.

षड्रसांतील सर्व रस मीं मुलांकडून पाठ करून घेतले आहेत. परंतु कडू तेवढा विचारण्याचें मला सुचलें नाहीं. सौभाग्यवतीनें त्यांतला एक काप माझ्या पानांत वाढला आणि म्हणाली, “तुम्हांला आतां कळलें ना?”